बुटाचं माप

अकोल्याच्या एका कापड गिरणीचा हॉकी संघ १९५७ साली झाडून सगळे सामने हरला. मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, संघ नवा बांधा, निवडलेल्या प्रत्येकाला गिरणीत कायमची नोकरी. शेषराव मास्तरांनी महिनाभर उन्हात पोरं पळवली. बडनेऱ्याहून येणाऱ्या धर्मपालने सरावात एकट्याने अकरा गोल मारले, तेही अनवाणी.

यादी लागली, तर मागच्याच वर्षीचे अकरा. मास्तर तडक सेक्रेटरी खुशालरावांकडे गेले.

"धर्मपालचं नाव कावून कापलं?"

"बूट त कानपूरवून कवाचेच आले, मास्तर. जुन्या पोरायच्या मापाचे. त्याच्या पायात एकबी बसत नाही."

"मंग त्याले अनवाणी खेयू द्या."

"मोठे साहेब सामना पाहाले येऊन राह्यले. गिरणीची काई इज्जत हाय का नाही?"

मास्तरांना शिसारी आली. ते उठले आणि पानाची पिंक खुशालरावांच्या दारातच टाकून चालते झाले.

पहिल्याच सामन्यात बडनेऱ्याच्या अनवाणी पोरांनी गिरणीवर आठ गोल चढवले. त्यातले पाच धर्मपालचे. साहेब मध्यंतरातच उठून गेले. सामना संपल्यावर खुशालराव एकेक बूट धोतराच्या सोग्याने पुसून खोक्यात ठेवत होते, आणि चेहरा खुललेला.



"पाहा मास्तर, एकाबी बुटाले ओरखडा नाही. पुढच्या सालचाबी संघ ठरला."