सरदारचा नातू

फ्रीजरमध्ये नऊ कबुतरं, दोन बदकं आणि वाटाण्याचं अर्धं पाकीट होतं. धाकटीने चार कबुतरं काढून पिशवीत घातली.

"घरी कोणी आलं आणि बर्फ मागितला, तर काय उघडून दाखवू मी?" आई मागून म्हणाली.

"आजची शेवटची वेळ आहे, आई."

खरंच शेवटची होती. गोळी लागून पडलेला पक्षी कुत्र्याने गवतात शोधायचा, तोंडात अलगद धरायचा आणि मालकाच्या हातात आणून द्यायचा. अशी कुत्री तयार करणं हा या घरचा धंदा. सात पिल्लांतून हे एक धाकटीने स्वतः निवडलं होतं, बाबांशी भांडून. कुठेही गेलं की फतकल मारून बसतं म्हणून दादाने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. आता ते वर्षाचं होत आलं होतं आणि त्याने अजून एकही पक्षी आणला नव्हता. आजही आणला नाही, तर संध्याकाळी ट्रकवाला त्याला लांबच्या गोदामावर राखणीला घेऊन जाणार होता.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मोजा फेकला, तो आणायचा. लाकडी दांडकं फेकलं, तेही आणायचा. दांडक्याला पंख गुंडाळले की थुंकून टाकायचा आणि तिच्याकडे बघत शेपूट हलवायचा. तिला रडू यायचं, मग स्वतःचाच राग यायचा.

घरामागच्या माळावर तिने कबुतरं लांब लांब ठेवली आणि वळसा घालून परत आली. "आण!"

पाहुणा सुटला. वाऱ्याला तिरका धावला, गर्रकन वळला आणि बसला. गुडघाभर गवताच्या वर फक्त दोन कान दिसत होते. ती जवळ गेली. कबुतर त्याच्या पुढच्या पायांशी पडलं होतं.

"उचल ना रे बाबा! तुझंच आहे ते."

पाहुण्याने तिचा हात चाटला.

चारही वेळा तेच झालं. चारही कबुतरं तिलाच उचलून आणावी लागली. बाबा कुंपणाला टेकून बघत होते.

"बाबा, त्याला सापडतात. चारही सापडली. फक्त उचलत नाही."

"काम सापडूनही न उचलणारा एक आहे आपल्या घरात. माडीवर झोपलाय. दुसरा नको."

"अजून एक महिना द्या."

"उद्या शिकारी क्लबचे सेक्रेटरी येतायत. पुढची सगळी कुत्री आपल्याकडून घ्यायची की नाही, ते सरदारला बघून ठरवणार. त्यात हे मधे लुडबुडायला नको."

सरदार हा पाहुण्याचा आजा. मागच्या वर्षी त्याला असा ताप आला होता की सगळ्यांनी आशा सोडली होती. तो वाचला, पण उठला तो मंद होऊन. मग बाबांनी या धंद्यातला जुनाच उपाय केला: पोर म्हाताऱ्याबरोबर सोडायचं, म्हणजे बघून बघून शिकतं. पोर काही शिकलं नाही. सरदार मात्र पुन्हा पूर्वीसारखा झाला. पाहुणा आगाऊपणे पुढे पळायचा आणि बसकण मारायचा; सरदार मागून शांतपणे यायचा, खांद्याने त्याला बाजूला सारायचा, पक्षी उचलायचा आणि बाबांच्या हातात द्यायचा. एकही सुटायचा नाही.

"सोबतीने म्हातारा तरुण झाला," बाबा सगळ्यांना सांगायचे. "आणि हा ठोंब्या ठोंब्याच राहिला."

आईही सरदारचं कौतुक करायची. पूर्वी मटण शिजायला लागलं की तो स्वयंपाकघराच्या दारात ठिय्या द्यायचा. आता ताट समोर ठेवेपर्यंत जागचा हलत नसे. म्हातारपणी केवढी समज आली म्हणायची.

"तुझं सगळं मोजमाप त्या पिल्लाचं," बाबा म्हणाले. "दहा वेळा मोजलंस, दहा वेळा शून्य. सरदारचं मोजलंस कधी?"

"त्याचं काय मोजायचंय?" धाकटी चिडून म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

ट्रकवाला वेळेवर आला. पाहुण्याला त्याने सहज काखेत मारलं.

"आमच्याकडे मजा आहे रे तुझी. काही आणायचं नाही. बसायचं आणि भुंकायचं."

"भुंकत पण नाही तो," दादा माडीवरून ओरडला.

आईने एक जुना टॉवेल दिला. धाकटी फाटकापर्यंतही गेली नाही. ट्रक वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा ती पिशवीतली कबुतरं परत फ्रीजरमध्ये कोंबत होती आणि त्यांच्यावर झाकण काही केल्या बसत नव्हतं.

सकाळी सेक्रेटरी आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. चार कबुतरं आणि एक बदक त्यांनी स्वतःच्या हाताने माळावर ठेवलं आणि कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

"एकटाच सोडणार ना?"

"एकटाच. त्याला कोणाची गरज नाही," बाबा म्हणाले. "सरदार, आण!"

सरदार ऐटीत गवतात शिरला. माळाच्या मधोमध थांबला. मान उंच करून गवताच्या वरून एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. गवताच्या वर कुठेच दोन कान दिसत नव्हते.

"जागा नवी करून ठेवलीत तुम्ही," बाबा हसून म्हणाले. "अंदाज घेतोय. सरदार, आण!"

सरदार धावला. कुंपणापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बाबांनी तिसऱ्यांदा हुकूम दिला, चौथ्यांदा दिला. चौथ्या फेरीत तो बदकाच्या पंखावर पाय देऊन पुढे निघून गेला.

सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. अर्धा तास झाला होता. पाचपैकी शून्य.