पन्नास मिनिटांवरचं शहर

आईच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेल्या लेकीचं नाव मास्तरीणबाईंनी सहा वर्षं घरात काढू दिलं नव्हतं. पण तिला मूल झाल्याचं शेजारणीकडून कळलं आणि बाईंना राहवेना. नवरा घड्याळांच्या दुकानात गेल्यावर त्या गुपचूप कोपऱ्यावरच्या तिकीटवालीकडे गेल्या आणि लेकीच्या शहराचं नाव सांगितलं.

"पोचायला अख्खा दिवस मोडत असेल ना गं?"

"छे हो! विमान सुटलं की पन्नास मिनिटं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या लेखी लेक जगाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. आज घरातून निघावं की नाही, हे ठरवण्यातच त्यांचा याहून जास्त वेळ गेला होता.

"एक तिकीट दे. आणि आमच्या घड्याळवाल्यांना यातलं अवाक्षर सांगू नकोस."

तिकीटवाली चमकली. "तुम्ही घड्याळवाल्या काकांच्या घरच्या? अहो काकू, काका तर दर महिन्याला तिथे जातात. सकाळी जाऊन रात्री परत!"

कारखान्यातलं मोठं घड्याळ दुरुस्त करायला म्हणून नवरा महिन्यातला एक रविवार घराबाहेर असायचा. तो रविवार कुठे जात होता, ते बाईंना आता कळलं.

"मला फसवून एकटेच जातात?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"जातात एकटेच, पण तिकिटं दोन काढतात. तुमचं आदल्या दिवशी येऊन रद्द करतात. म्हणतात, या खेपेलाही तिला विचारायचा धीर झाला नाही."