भावनाच्या हळदीचा धवला

अॅम्प्लिफायरवर पुन्हा लाल दिवा लागला आणि दोन्ही स्पीकर गप्प झाले.

"झालं का दादा?" भावनाने विचारलं. बहिणीची हळद, आणि धनेश ओसरीवर पालथा पडून वायरी चिवडत होता.

"होतंय. तू पाटावर बस."

"नाय बसत. आजीचा धवला लागल्याशिवाय मला कोनी हळद लावायची नाय."

हट्ट खोटा नव्हता. शहाडजवळच्या त्या गावात गोदाआजीने धवला गाऊन देवांना, पितरांना आवतण द्यायचं आणि मगच पहिली हळद लागायची. आता धनेशच्या मोबाईलमध्ये चुलतबहिणीच्या लग्नातलं एक रेकॉर्डिंग तेवढं होतं. मोबाईलचा आवाज मांडवाच्या दारापर्यंत पोचेना. डीजेचा टेम्पो विठ्ठलवाडीला बंद पडलेला. उरला घरचा होम थिएटर, शेताच्या पैशातून मोठ्या हौसेने घेतलेला.

शेत बिल्डरला दिलं, त्याच महिन्यात आजीची खाट रिकामी झाली होती. तेव्हापासून तिचं नाव निघालं की वडील, पंढरी, उठून बाहेर जायचे. आज मात्र ते मुलाला टॉर्च धरून बसले होते.

धनेशने कल्याणच्या दुकानातल्या राकेशला फोन लावला.

"लाल दिवा म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे," राकेश म्हणाला. "स्पीकरच्या वायरची एखादी तार बाजूच्या तारेला टेकत असेल. आधी प्लग काढ. मग सगळ्या वायरी सोलून परत लाव."

"सगळ्या? पाहुणे ताटकळलेत रे!"

"मग काय, मी फोनवरून सोलू?"

धनेशने प्लग काढला आणि दातांनी वायर सोलायला घेतली. तांब्याच्या तारा तुटून ओठाला टोचल्या. परातीतली हळद कडेने सुकायला लागली होती. बायका आपापसांत कुजबुजू लागल्या.

"शेवटचं बोललो तिच्याशी, ते पन भांडूनच," पंढरी अचानक म्हणाले. "पाय धरायला पायजे होतं."

"बाबा, टॉर्च सरळ धरा."

उरलेली वायर आता स्पीकरपर्यंत पुरेना. धनेश रडायच्या बेतात होता.

"भावना, नाय होत गं माझ्याने."

ते ऐकून भावनाचा धीर सुटला. "आजी गं!" म्हणून तिने हंबरडा फोडला. असा की, भिंतीपलीकडच्या काकाच्या घरातली भांडी वाजायची थांबली.

आणि आवाज आला. जरासा घोगरा, पण खणखणीत. एकेका देवाचं नाव घेत, आवतण देत धवला मांडवभर घुमला.

"लागला रे लागला!" पंढरींनी स्पीकरपुढे हात जोडले. भावना डोळे पुसत पाटावर बसली. बायकांनी परात उचलली.

धनेश मात्र खुळ्यासारखा बघत राहिला. सोललेली वायर त्याच्या दातांत होती आणि प्लग गुडघ्याशी पडला होता.

त्याने मागे वळून पाहिलं. मांडवाच्या दारात, शेताच्या भांडणापासून भिंतीपलीकडे धाकट्या लेकाकडे राहणारी गोदाआजी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने कडवं पुरं केलं, दम घेतला आणि थोरल्या लेकाकडे बघितलं.

"मी मेली का रं पंढरी, त्या डब्यान शोधतंस मना?"