बटाट्याचं सॅलड

"घ्या ना अजून थोडं," इर्मगार्ड म्हणाली आणि चपापली. सख्ख्या धाकट्या बहिणीला 'घ्या'! पण करणार काय? सदतीस वर्षं गावच्या ओढ्याच्या या काठाला पूर्व जर्मनी होती आणि त्या काठाला पश्चिम. मध्ये आधी कुंपण, मग भिंत. गिझेलाचं घर माडीच्या खिडकीतून दिसायचं, पण नुसता हात हलवायलाही बंदी. काल भिंतीत दार पाडलं आणि आज गिझेला समोर बसली होती, खुर्चीच्या कडेवर, अवघडून.

तिने सॅलडचा घास घेतला. "छान झालंय. फक्त... आई यात मेयॉनीज घालायची नाही."

"घालायची!"

"मुळीच नाही! गरम सूप ओतायची. तू स्वयंपाकघरात फिरकायचीस तरी का?"

"मी? आणि बटाटे सोलायच्या वेळी पोट कुणाचं दुखायचं गं?"

आवाज चढत गेले. दोघी उभ्या राहून टेबलावर हात आपटू लागल्या. शेजारीण घाबरून दारात आली. "काय झालं? कोण आलंय?"

इर्मगार्डने डोळे पुसले. तिला हसू आवरत नव्हतं.

"कोणी नाही हो," ती म्हणाली. "आमची गिझेलाच आहे."