टायगरची आंघोळ

"म्हातारे, चकाचक." जर्मन सार्जंट डीट्सने बादली मोत्र्याबाईच्या पायाशी भिरकावली. "सकाळी सातला कर्नल बघणार. मग हा नदीवर जाणार. चिखल दिसला तर गोळी."

हा म्हणजे टायगर रणगाडा. सत्तावन्न टनांचं धूड. मोत्र्याच्या अंगणात शिरताना त्याने कुंपण लोळवलं होतं आणि खुराडंही, कोंबड्यांसकट. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून झालेला चिखल त्याच्या चाकांत गच्च बसला होता. चाकं तरी कसली, मांडणीवरच्या ताटांसारखी एकात एक सरकवलेली. फटीत बोटही धड जाईना.

डीट्सची माणसं फ्रान्सहून परवाच आली होती. बुटांचं पॉलिश अजून शाबूत होतं.

मोत्र्याने चूल पेटवली, हंडाभर पाणी तापवलं आणि ती एकेका फटीत ओतत सुटली.

"गरम? शाब्बास," डीट्स म्हणाला. बाई नीट वठणीवर आलीय, असं त्याला वाटलं.

मोडक्या कुंपणापाशी शेजारचा ग्नात उभा होता. गाडीवान माणूस, पायाने अधू. त्याचा घोडा जर्मनांनी गेल्याच आठवड्यात खाल्ला होता.

"लाज सोडलीस होय गं?" तो म्हणाला. "सकाळी आपल्या फौजेतली पोरं नदी ओलांडणार. तुझा पेत्रो आहे त्यात, माझा इव्हास आहे. त्यांना चिरडायला निघालेल्याला तू न्हाऊ घालतेयस?"

"पाठसुद्धा चोळून देणार आहे."

"थू तुझ्या जिनगानीवर." तो खरंच थुंकला. "आणि अक्कल तरी आहे का? मार्चात दिवस कलताना चाक धुतं का कुणी? कोरडं खरवडायचं असतं, शेंबड्या पोरालाही कळतं की…"

तो मध्येच थांबला. वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. नाकातले केस थंडीने आत्ताच ताठ व्हायला लागले होते.

ग्नात लंगडत आत आला आणि दुसरी बादली उचलली.

"सरक. मागची चाकं कोरडीच ठेवलीस, गबाळी कुठली."

सरपण संपलं तेव्हा मोत्र्या एप्रनला हात पुसत डीट्सपुढे उभी राहिली. डीट्सने तिचं उरलंसुरलं कुंपण फोडून दिलं. मग खुराड्याच्या फळ्या. मग रणगाड्यावर बांधलेले स्वतःचेच ओंडके.

सकाळी सातला टायगर आरशासारखा चमकत होता. कर्नलने हातमोजा फिरवून पाहिला. डाग नाही. डीट्सची छाती फुगली.

"चला," कर्नल म्हणाला.

इंजिन गरजलं. खिडक्या थरथरल्या. टायगर जागचा हलला नाही. फटीफटीतलं पाणी आणि गाळ रातोरात दगड झाले होते. ड्रायव्हरने जोर लावला. आत काहीतरी कडाडून तुटलं.

शिपाई पहारी घेऊन धावले. पहारी टणटण वाजल्या, बाकी काही नाही. तेवढ्यात नदीकडून तोफांचा आवाज आला, पाठोपाठ हजार घशांची आरोळी. पोरं नदीत उतरली होती.

"हे धुवायला कोणी सांगितलं?" कर्नलने विचारलं. अगदी हळू.

डीट्स पांढराफटक पडला. धावत मोत्र्याच्या दारात आला.

"गरम पाणी. लवकर. खूप."

मोत्र्याने बाजूला होऊन त्याला चूल दाखवली. चुलीत राख होती, तीही गार.

"लाकडं कुठली साहेब? काल याच्या आंघोळीला तुम्हीच नाही का फोडून दिलीत?"