बारक्याचा डेमो

वेब ॲप बनवणाऱ्यांचा संध्याकाळचा मेळावा होता. कालपर्यंत हाताखाली शिकणारा बारक्या आज स्वतः बनवलेलं टूल स्टेजवर दाखवत होता आणि मागच्या रांगेत त्याच्या जुन्या साहेबांच्या, म्हणजे गुरुजींच्या, पोटात दुखत होतं. पोराचा डेमो फसावा म्हणून ते अगदी देव पाण्यात घालून बसले होते.

आणि फसला की हो! पडद्यावर लालभडक एरर आली. "माफ करा, चूक माझीच," म्हणत बारक्या खाली उतरला. गुरुजींना हसू आवरेना, तरी तोंड एवढंसं करून ते सांत्वनाला पुढे झाले.

बारक्या हळूच त्यांच्या कानाशी लागला. "गुरुजी, चूक तुम्ही लिहून दिलेल्या कोडमध्ये निघाली. बाकी सगळं नव्यानं लिहिलं मी, पण तुमच्या हातच्या ओळी खोडायला मन धजेना."