टकटक

"अजून वाजून राह्यलं, मॅडम," हेडफोन सासऱ्याकडे देत चंद्रकला म्हणाली. कोळशाच्या खाणीचं छत कोसळलं तेव्हा तिचा नवरा खालीच होता. वर बसून ती आणि तिचा म्हातारा सासरा आळीपाळीने जमिनीखालची टकटक ऐकत होते.

इंजिनिअर वैदेहीला मात्र त्या टकटकीचा भरवसा वाटेना. जमिनीखालचे आवाज टिपणाऱ्या त्या यंत्राची स्वतःची कुरकुर कधीच थांबत नाही आणि ती ठरवलेल्या पातळीवर गेली की टक्‌ असं वाजतं. क्षीण ठोकाही सुटू नये म्हणून ती पातळी तिनेच खाली आणली होती. तिने यंत्र उचलून दूर माळावर नेलं. तिथे खाली खाण नव्हतीच, नुसता कातळ होता. टकटक तेवढीच आली. पातळी वर नेली तशी ती विरळ झाली, आणि खाणीवर परत येऊन पाहिलं तर तिथेही अगदी तेवढीच विरळ.

तिने चंद्रकलेला बाजूला घेतलं. "तो आवाज खालचा नाही. यंत्राचाच आहे."

चंद्रकलेने वळून सासऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे खाली कोणीच वाजवत नाही?"

"नाही."

"मग बाबाले नोका सांगू. आजच्या रोज ऐकू द्या."

यंत्र बंद करायला निघालेल्या वैदेहीने हात मागे घेतला. म्हातारा हेडफोन कानाशी घट्ट दाबून टाचेने जमिनीवर ठोके देत होता, आणि दर टकटकीला लेकाला सांगत होता, "येऊन राह्यलो, बाबू. दम धर."